फोन किती तापतो?

अकोल्यात एप्रिल-मे महिन्यात नव्या गेमबद्दल पोरं एकमेकांना जो पहिला प्रश्न विचारतात, तो ग्रॅफिक्सचा नसतो आणि कथेचाही नसतो. ‘फोन किती तापतो?’ हा असतो. बाहेर पारा ४५च्या वर, कूलरसमोर बसलेला पोरगा, हातात चार जीबी रॅमचा फोन आणि त्यात दीड-दोन जीबीचा गेम. पंधरा-वीस मिनिटांत फोनची पाठ हाताला चटके द्यायला लागते. फोन मग स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो आणि नेमक्या झटापटीच्या वेळी पडद्यावरचं चित्र अडकतं. ‘लय लॅग मारून राह्यला बावा’ हे वाक्य तिथून येतं. त्याच गेमला पुण्यात एसीत बसून महागड्या फोनवर खेळणाऱ्यानं पाच तारे दिलेले असतात. ते तारे खोटे नसतात, पण अकोल्याच्या पोराला त्यांचा काडीचा उपयोग नसतो.

मी ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. माहेर अकोल्याचं, आता राहते अमरावतीत. कामं बहुतेक पुण्या-मुंबईकडची असतात : कर्जाचे अर्ज, दवाखान्याच्या वेळा, किराण्याच्या याद्या. गेल्या काही महिन्यांपासून मात्र इथल्याच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींसोबत एक वेगळं ॲप आकाराला आणते आहे. गेम खेळणाऱ्यांनी गेमबद्दल आपल्या बोलीत सांगावं, आणि ते आपल्यासारख्याच खेळणाऱ्यांपर्यंत पोचावं, एवढाच त्याचा हेतू. डिझाइन म्हटलं की लोकांना रंग आणि बटणं आठवतात. माझ्या मते या कामाचा गाभा एकच : कोणाला काय आधी दिसेल हे ठरवणं. गेमच्या रिव्ह्यूच्या बाबतीत हा प्रश्न फार गंभीर आहे, आणि मोठमोठ्या कंपन्यांनाही तो नीट सोडवायला बरीच वर्षं लागली.

गूगल प्लेचंच घ्या. कित्येक वर्षं तिथं एका ॲपला सगळ्या जगात मिळून एकच रेटिंग दिसायचं. नोव्हेंबर २०२१पासून फोनवर आपापल्या देशातल्या लोकांचं रेटिंग दिसायला लागलं, आणि पुढच्या वर्षी फोन, टॅबलेट असं उपकरणाच्या जातीप्रमाणेही ते वेगळं झालं. जपानमधल्या खेळाडूचं मत आणि भारतातल्या खेळाडूचं मत एका सरासरीत कालवलं की दोघांचीही दिशाभूल होते, हे त्यामागचं साधं कारण. हे पाऊल बरोबरच होतं, पण ‘भारत’ हासुद्धा फार मोठा शब्द आहे. बंगळुरूच्या फायबरवरचा भारत आणि मेळघाटातल्या धारणीच्या वसतिगृहात एका खिडकीपाशीच रेंज मिळणारा भारत यांचा तारा एकच कसा असेल?

सरासरी किती फसवी असते हे आपल्या देशानं २०२०च्या मे महिन्यात पाहिलं. यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांचं भांडण पेटलं, आणि रागावलेल्या लोकांनी गूगल प्लेवर टिकटॉकला एक-एक तारा द्यायचा सपाटा लावला. साडेचारच्या आसपास असलेलं रेटिंग काही दिवसांत १.२वर आलं. नंतर गूगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले आणि आकडा पुन्हा वर गेला. या सगळ्यात टिकटॉक हे ॲप तेच होतं. एक बटणही बदललं नव्हतं. आकडा ॲपबद्दल बोलतच नव्हता, तो रागाबद्दल बोलत होता. महिन्याभरात, २९ जूनला, सरकारनं ॲपवर बंदी घातली, पण ती गोष्ट वेगळी आणि कारणंही वेगळी.

गेमच्या जगात याचा सगळ्यात बोलका दाखला त्याच वर्षीच्या जूनमधला आहे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा प्लेस्टेशनचा गेम १९ जूनला आला. पूर्ण खेळायला पंचवीसएक तास लागतात. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर मात्र काही तासांतच हजारो लोकांनी त्याला शून्य देऊन टाकलं. पुढच्या महिन्यात मेटाक्रिटिकनं नियम केला : गेम आल्यावर ३६ तास उलटल्याशिवाय वापरकर्त्यांचा रिव्ह्यू घ्यायचा नाही. आधी खेळा, मग बोला. त्याच संकेतस्थळाच्या आकड्यानं त्याआधी दहा वर्षं माणसांचं नुकसानही केलं होतं. २०१०च्या ‘फॉलआउट : न्यू वेगास’साठी ऑब्सिडियन या स्टुडिओचा बोनस मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळण्याशी बांधलेला होता. मिळाले ८४. समीक्षकांच्या गुणांची सरासरी एका गुणानं हुकली आणि दीड वर्ष राबलेल्या लोकांच्या हाती बोनस आला नाही. ही गोष्ट मी मुलांना पहिल्याच बैठकीत सांगितली, कारण आकडा छापणाऱ्याच्या अंगावर किती जबाबदारी असते हे कोड लिहायच्या आधी कळलं पाहिजे.

मला सगळ्यात शहाणी वाटते ती स्टीमची पद्धत. संगणकावरचे गेम विकणाऱ्या या दुकानानं २०१३च्या अखेरीला वापरकर्त्यांचे रिव्ह्यू सुरू केले. तिथं पाच तारे नाहीत. दुसऱ्याला हा गेम घ्यायला सांगाल का, हो की नाही, एवढंच विचारतात. आणि रिव्ह्यूच्या शेजारी लिहिणाऱ्यानं तो गेम किती तास खेळला ते छापलेलं असतं. अर्धा तास खेळून ‘भंगार’ म्हणणारा आणि चारशे तास खेळून ‘भंगार’ म्हणणारा, दोघांचं म्हणणं ऐकायचं, पण वेगवेगळ्या कानांनी. एवढा एक आकडा शेजारी आला की वाचणारा आपोआप शहाणा होतो. त्याला कुणी उपदेश करावा लागत नाही.

आमच्याकडं जिनिंगवर कापसाची गाडी आली की व्यापारी आधी कापसात हात घालतो, ओलावा बघतो, धागा ओढून त्याची लांबी बघतो आणि मगच भाव बोलतो. आमच्या ॲपची रिव्ह्यूची पाटी मी याच क्रमानं मांडली आहे. भाव शेवटी.

ती पाटी जरा जवळून दाखवते. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, लिहिणाऱ्याचा फोन. हे त्याला भरावं लागत नाही. अँड्रॉइड फोनचं मॉडेल आणि रॅम कुठलीही परवानगी न मागता वाचता येतं. त्याखाली एका ओळीत चार उत्तरं : किती खेळलात, फोन कसा राहिला, नेटशिवाय चालतो का, एक मॅच किती वेळाची. मग मजकूर किंवा आवाज. आणि सगळ्यात खाली, लहान, तारे. वाचणाऱ्यानं ॲप उघडलं की पहिल्यांदा त्याच्यासारखाच फोन असलेल्यांचे रिव्ह्यू येतात. बाकीच्यांचे एक बोट सरकवल्यावर.

‘फोन कसा राहिला’ या प्रश्नावर आम्ही बराच खल केला. अँड्रॉइड बॅटरीचं तापमान सांगतो, तेही अंशाच्या दहाव्या भागापर्यंत; प्रणालीकडून ४१२ असा आकडा आला तर बॅटरी ४१.२ अंशांवर आहे असं समजायचं. गटातल्या एका मुलाला हा आकडा थेट रिव्ह्यूत छापायचा होता. कल्पना छान आहे, पण रिव्ह्यू लिहिताना माणूस गेम बंद करून बसलेला असतो आणि तोवर फोन निवलेला असतो. शिवाय जानेवारीतले ४१ अंश आणि मेमधले ४१ अंश यांची तुलना होत नाही. म्हणून माणसालाच विचारायचं ठरलं, आणि उत्तरं तीनच ठेवली : गार, कोमट, चटका. सोबत महिना आपोआप नोंदवला जातो. ‘मे, अकोला, चटका’ आणि ‘डिसेंबर, चिखलदरा, गार’ अशा दोन नोंदी शेजारी दिसल्या की वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं.

‘एक मॅच किती वेळाची’ हा प्रश्न माझ्या हट्टाचा. बीजीएमआय या लढाईच्या गेमची मोठ्या नकाशावरची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत जाते आणि मध्येच थांबवता येत नाही. थांबलात तर स्क्वॉडमधले बाकीचे तिघं अडचणीत येतात. स्वयंपाकघरातून आईनं ‘जेवायला ये’ म्हणून हाक मारली आणि पोरगं उठलं नाही, की घरोघरी जो वाद होतो, त्यातला निम्मा या एका माहितीनं मिटेल असं मला मनापासून वाटतं. आईला कळेल की दहा मिनिटं थांबलं तर हा उठणार आहे. पोराला कळेल की जेवणाच्या तोंडावर मॅच लावायची नसते. गेमबद्दल घरात दोनच तऱ्हेनं बोललं जातं, एक तर बंदी नाही तर दुर्लक्ष. गेमची खरी माहिती आईबापांपर्यंत साध्या भाषेत पोचवणं हेसुद्धा रिव्ह्यूचंच काम आहे.

आता ताऱ्यांचं गणित. तारे शेवटी ठेवले तरी यादी लावायला ते लागतातच. समजा एका गेमला तिघांनीच पाच-पाच तारे दिले. दुसऱ्याला दोनशे जणांनी दिले आणि सरासरी आली ४.३. साधी सरासरी लावली तर तिघांच्या मित्रमंडळाचा गेम वर जातो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे : प्रत्येक गेमच्या खात्यात सुरुवातीलाच काही बेताची मतं धरून चालायची. आम्ही साडेतीन ताऱ्यांची दहा मतं धरतो. मग पहिल्या गेमची बेरीज होते ३५ अधिक १५, म्हणजे ५०. भागिले १३ मतं, उत्तर सुमारे ३.८५. दुसऱ्याची होते ३५ अधिक ८६०, म्हणजे ८९५. भागिले २१०, उत्तर ४.२६. मतं वाढत जातात तसा त्या धरलेल्या दहा मतांचा प्रभाव विरघळत जातो. आयएमडीबीची सर्वोत्तम २५० सिनेमांची यादीही अशाच तऱ्हेच्या हिशेबानं लावली जाते. बारावीच्या मुलाला पाच मिनिटांत समजेल असं हे गणित आहे, आणि ते ॲपमध्ये ‘हा आकडा कसा आला’ या बटणाखाली जसंच्या तसं लिहून ठेवायचं असं आम्ही ठरवलं. आकडा दाखवायचा तर त्याचा हिशेबही दाखवायचा.

रिव्ह्यू शिळाही होतो. पुस्तक छापलं की तसंच राहतं, गेमचं तसं नाही. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये आला तेव्हा इतका मोडका होता की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून उतरवला. पुढच्या जूनमध्ये तो परत आला, आणि सप्टेंबर २०२३च्या मोठ्या अपडेटनंतर त्याच गेमची तारीफ व्हायला लागली. २०२०चा रिव्ह्यू तेव्हा खरा होता, आज तो वाचून कुणी निर्णय घेतला तर फसेल. आपल्याकडं तर गेम गायबच होतात. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली, २०२१च्या जुलैत तो बीजीएमआय या नावानं आला, २०२२च्या जुलैत दुकानांतून काढला गेला, २०२३च्या मेमध्ये परतला. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२मध्ये, फ्री फायरवर बंदी आली. ज्या मुलांनी रात्र-रात्र जागून रँक वाढवली होती त्यांच्या आठवणी, टिपा, शिव्या, सगळं कुठंतरी हरवलं. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक रिव्ह्यूवर गेमची आवृत्ती असते, आणि बंद पडलेल्या गेमचं पान पुसलं जात नाही. एखाद्या गावातली पिढी काय खेळत होती याची नोंद राहिली पाहिजे. ही माझी वैयक्तिक ओढ आहे, पण मी ती मुलांवर लादली असं नाही. पबजीच्या पानासाठी सगळ्यात आधी तेच भांडले.

भाषेचं काम सगळ्यात रमवणारं निघालं. सुरुवातीच्या आराखड्यात मजकुरासाठी मोठा चौकोन होता. तो पाहून गटातला मूर्तिजापूरचा मुलगा म्हणाला, “ताई, एवढं कोन लिहिन? पोट्टे बोलतीन, लिहिनार नाहीत.” त्याचं बरोबर होतं. इथली मुलं मराठी बोटांनी लिहितात ती बहुतेक रोमन अक्षरांत, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. देवनागरी कळफलकाची सवय कमी. मुंबई आयआयटीच्या आयडीसीनं बनवलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक मी त्यांना दाखवला. व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती मात्रांचं चक्र उमटतं, बोट सरकवलं की ‘क’चा ‘की’ होतो. ज्यांना लिहायचं होतं त्यांना तो आवडला. पण बाकीच्यांसाठी आम्ही माइकचं बटण चौकोनाच्या वर, अंगठा सहज पोचेल तिथं आणून ठेवलं. तीस सेकंदांची मर्यादा. तीस सेकंदांत माणूस नेमका बोलतो.

अशी एक नोंद इथं देते, कारण तिच्यात मला हवं ते सगळं आहे : “गेम चांगला हाय, पन हातात धरवत नाही. पंधरा मिन्टं झाले का फोन गरम होते, मंग फ्रेम पडते. ग्रॅफिक्स स्मूदवर ठेवा, अन् चार्जिंग लावून तं खेळूच नका. माया भावाच्या आठ जीबीवाल्या फोनवर काही नाही होत. डाटा कमी खाते, हे चांगलं हाय.” गेम कोणासाठी आहे, कोणासाठी नाही, काय केलं तर चालेल, हे सगळं यात आलं. इंग्रजी मासिकांतले दोन-दोन हजार शब्दांचे रिव्ह्यू मी आवडीनं वाचते, पण चार जीबीच्या फोनवाल्याला ते यातलं काहीच सांगत नाहीत.

आवाजाचं अक्षरांत रूपांतर करणारी यंत्रणा प्रमाण मराठीवर बऱ्यापैकी चालते, वऱ्हाडीवर अडखळते. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ यांना ती दुरुस्त करायला जाते. आम्ही ठरवलं की बोली दुरुस्त करायची नाही. मुळातला आवाज राहू द्यायचा, आणि अक्षरं फक्त शोधासाठी वापरायची. शोधाचीही गंमत आहे. एकाच गेमला कुणी फ्री फायर म्हणतं, कुणी एफएफ, कुणी नुसतं फायर. कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमनमध्ये. म्हणून प्रत्येक गेमसाठी टोपणनावांची वही मुलांनी हातानं बनवली. गेमांची नावं, चित्रं, प्रकाशनाच्या तारखा यांसाठी आयजीडीबीसारखा तयार साठा मिळतो, पण ही वही जगातल्या कुठल्याच साठ्यात नव्हती.

अक्षरांच्या वळणाकडंही लक्ष द्यावं लागलं. ‘वऱ्हाड’ शब्दातला अर्धा र काही टंकांत तुटतो आणि ह वेगळा पडतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आले की मराठी डोळ्याला परकं वाटतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं बनवलेला ‘मुक्ता’ हा मोफत टंक आम्ही घेतला. लहान आकारातही तो स्वच्छ वाचता येतो, आणि उन्हात उभं राहून फोन बघणाऱ्या माणसासाठी ही चैनीची बाब नाही.

सोशल ॲपचा खरा कस मात्र वेगळ्याच ठिकाणी लागतो. पहिल्या दिवशी ॲपमध्ये कुणीच नसतं. कुणी नाही म्हणून कुणी येत नाही, आणि कुणी येत नाही म्हणून कुणी नसतं. फेसबुक २००४मध्ये सुरू झालं ते एकाच विद्यापीठाच्या मुलांसाठी, हार्वर्डपुरतं. आणि भारतीय भाषांसाठी मोठ्या उमेदीनं उभं राहिलेलं ‘कू’ हे सोशल ॲप २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं. आम्ही यातून एक धडा घेतला : महाराष्ट्रभर एकदम जायचं नाही. आधी अमरावतीतलं एक वसतिगृह. एकमेकांच्या खोलीत फोन घेऊन बसणारी, एकमेकांचा आवाज ओळखणारी मुलं. तिथं फीड रिकामी वाटत नाही, कारण पाच नोंदी आल्या तरी पाचही ओळखीच्या असतात. त्यानंतर अकोल्यात कृषी विद्यापीठाची मुलं, मग मूर्तिजापूर, परतवाडा.

शिवाय ॲप एकट्यालाही उपयोगी पडलं पाहिजे. सिनेमावाल्यांसाठी लेटरबॉक्स्ड आहे. न्यूझीलंडमध्ये २०११ साली सुरू झालेलं हे ॲप लोक आधी स्वतःची डायरी म्हणून वापरतात, मित्र नंतर जमतात. गेमसाठी बॅकलॉग्ड तसंच काम करतं. आम्हीही ‘माझी वही’ हा भाग आधी केला : काय खेळलो, कुठं सोडलं, का सोडलं. ‘का सोडलं’ हा रकाना मुलं सगळ्यात जास्त भरतात, आणि गेम बनवणाऱ्यांनी तोच वाचावा असं मला वाटतं. गेम इथंही बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२०मध्ये जगभर गेला, त्याची नायिका सर्कशीत काम करणारी मुलगी आहे आणि ती आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ‘इंडस’ बनवला. नवी मुंबईच्या गेमेशनचा ‘लुडो किंग’ २०१६चा. नेट नसताना एकाच फोनवर चौघं खेळू शकतात, म्हणून मेळघाटातल्या मुलांच्या वह्यांत तो हमखास सापडतो. अचलपूरच्या एका मुलीनं संगणकावर ‘राजी’ पूर्ण करून लिहिलं की देवळांच्या भिंतींवरची चित्रं पाहायला ती लढाई सोडून थांबत होती, पण शेवट फार लवकर गुंडाळला. हे वाचून मला जो आनंद झाला तो मोठ्या कंपनीचं काम पूर्ण झाल्यावरही होत नाही. अचलपूरची मुलगी पुण्याच्या गेमबद्दल मराठीत विचार करून बोलते आहे.

मुलींचा विषय निघालाच आहे. गटातल्या मुलींनी एक गोष्ट ठामपणे सांगितली : फोटो नको, नाव नको, मुलगा की मुलगी हा रकाना नको. गेममध्ये माइक सुरू केला आणि मुलीचा आवाज आला की पुढं काय होतं हे त्या रोज भोगतात. कित्येकजणी म्हणून माइक लावतच नाहीत. मग आवाजाच्या रिव्ह्यूचं काय करायचं? आवाज फक्त स्वीकारलेल्या मित्रांनाच ऐकू जाईल, बाकीच्यांना अक्षरं दिसतील, असा पर्याय आम्ही सुरुवातीपासूनच चालू ठेवला. ज्याला खुलं करायचं त्यानं करावं. अनोळखी माणसाकडून खासगी संदेश येण्याची सोयच ठेवली नाही. यानं ॲपची वाढ मंदावेल असं मला एका जाणकारानं सांगितलं. मंदावू दे.

कायद्याचीही बाजू आहे आणि ती ओझं म्हणून पाहू नये असं माझं मत आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. त्याची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येत नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. गेम खेळणाऱ्यांत शाळकरी मुलं भरपूर असतात, हे उघड आहे. आम्ही सध्या १८ पूर्ण झालेल्यांनाच घेतो आणि फोन नंबराखेरीज काही मागत नाही. तक्रारींसाठी नाव जाहीर केलेला अधिकारी, २४ तासांत पोच, ठरलेल्या मुदतीत निकाल, हे माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१च्या नियमांनी सांगितलेलं आम्ही जसंच्या तसं पाळणार आहोत.

पैशांच्या गेमबद्दल तर माझं मन पहिल्यापासून पक्कं होतं. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदीचा कायदा केला. कायदा झाला तरी रिव्ह्यूच्या वेषात अशा गेमांचा प्रचार होतो. ‘हजार लावले, पाच हजार आले’ अशी नोंद, खाली लिंक. म्हणून आमच्या ॲपमध्ये कुणालाही लिंक टाकता येत नाही. एखादा गेम पैसे मागतो का, किती मागतो, तोफा-कपडे विकत घेतल्याशिवाय जिंकता येतं का, हे विचारणारा रकाना मात्र आहे, आणि तो लाल अक्षरांत दिसतो. ज्या भागात कापसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो, तिथं घरातल्या फोनवरून पैसा कसा जातो हे दाखवणं मला गेमच्या ग्रॅफिक्सपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

नेट तुटलं तर काय, हेही लिहायला हवं. अमरावती-अकोला रस्ता आता उत्तम आहे. जून २०२२मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. पण एसटीत बसून त्या रस्त्यानं जाताना फोनची रेंज मधूनमधून जाते, आणि मुलांना वेळ मिळतो तो एसटीतच. बोललेला रिव्ह्यू फोनमध्येच राहतो, रेंज आली की आपोआप जातो, आणि तोवर त्यावर ‘थांबलाय’ असं लिहिलेलं दिसतं. फिरतं चक्र दाखवायचं नाही, असं मी बजावलं. चक्र पाहिलं की माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो आणि एकाच्या चार नोंदी होतात.

सध्या काम कुठं आलं आहे? गूगल प्लेवर नव्या वैयक्तिक खात्यातून ॲप खुलं करायचं तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस ते वापरून पाहावं लागतं. हे लोक आम्ही ओळखीपाळखीतून न घेता फोन बघून निवडतो आहोत : काच तडकलेला, भावाकडून उतरून आलेला, जागा भरत आलेला, धारणीत राहणारा. एक आईसुद्धा आहे, जिनं आजवर एकही गेम खेळलेला नाही. ‘एक मॅच किती वेळाची’ हे तिला दोन टिचक्यांत सापडतं का, हे मला पाहायचं आहे.

जूनमध्ये ही मुलं पास होऊन नोकऱ्यांसाठी पुण्याला जातील, तेव्हा ॲप चालवणार कोण, हा प्रश्न डिझाइनइतकाच मोठा आहे. आवाजाच्या नोंदी साठवायला दरमहा पैसे लागतात. ते वर्गणीतून उभे करायचं चाललं आहे. कोडची माहिती मराठीत लिहून ठेवायचं काम सुरू आहे, आणि तिसऱ्या वर्षातल्या दोघी आतापासून बैठकांना येतात. तक्रारी वाचायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं आहे.